मनोरुग्णालयात सिस्टर आहे, आता स्वतःसाठीच डॉक्टर हवाय. मदत हवी आहे

जुन्या आयडीवर ओळखीचे बरेच आहेत, म्हणून नवीन आयडी काढून लिहितेय.

नऊ वर्षं मनोरुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कुठल्या ते कृपया विचारू नका. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या. बऱ्या होऊन कित्येक वर्षं झाली होती, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, शिवणात हात चांगला. पण घरून न्यायला कुणी येईना. दर दिवाळीला पिशवी भरून दारापाशी बसायच्या, भाऊबीजेला भाऊ येईल म्हणून. या श्रावणात गेल्या. पिशवी मीच उघडली. दोन साड्या आणि उटण्याची पुडी.

तेव्हापासून झोप नाही. नाईट नसली तरी तीनला जाग येते. जेवण जात नाही, ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर (पेशंटची माहिती) देताना मध्येच शब्द सापडत नाहीत. परवा औषधांच्या ट्रॉलीपाशी रडू आलं, तर बरोबरचे ब्रदर हसत म्हणाले, "सिस्टर, तुमचाही बेड टाकायचा का?" वॉर्डातले मामा-मावशीही (मदतनीस) हसले. सासूबाई तर लग्नापासूनच म्हणतात, वेड्यांत राहून माणूस वेडं होतं, जनरल वॉर्ड मागून घे. लोकांना वाटतं पेशंट अंगावर येतात म्हणून आम्ही बिथरतो. मला नऊ वर्षांत दोनदा मार बसलाय, त्याने एक रात्रही झोप गेली नव्हती.

गंमत बघा, रोज नातेवाइकांना मीच समजावते की हा आजार आहे, लाजायचं काय त्यात.

अडचण अशी की शहरातले सगळे सायकियाट्रिस्ट मला नावानिशी ओळखतात. कुठे जाऊ? गोळ्या सुरू झाल्या तर नोकरीच्या ठिकाणी कळेल का?

—

जुनी_सिस्टर:
ताई, मी याच कामातून निवृत्त झाले. आमच्याबद्दल लोकांची दोनच मतं: एक तर ही दगड आहे, नाहीतर हिलाही लागण झाली. मानसिक आजाराची लागण होत नाही हे त्या ब्रदरलाही परीक्षेपुरतं पाठ असेल! तुम्हाला त्या आजींचं दुःख आहे, आणि ते धरायला कुणी नाही.

दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांची व्हिडिओवर अपॉइंटमेंट घ्या. तोवर १४४१६ लावा, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेलिमानस, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, नुसत्या रात्रपाळ्यांनीही झोपेचं वाटोळं होतं. आणि एक स्पष्ट विचारते, राग मानू नका. ट्रॉलीतली गोळी घेतलीत का?

—

कायदा_वाचक:
२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ बघा. तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ते तुमच्या मेट्रनना (सिस्टरांच्या प्रमुखांना) काही सांगू शकत नाहीत. कलम २१ प्रमाणे आरोग्य विम्यातही शारीरिक आजारासारखीच सोय द्यावी लागते. मात्र क्लेमचे कागद ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून फिरवायचे का, ते आधी ठरवा.

—

धागाकर्ती:
घेतली. दोनदा, लोराझेपाम, झोप आणणारी गोळी. पेशंटची नव्हे, पण माझ्या नावचीही नव्हती. इथे लिहून टाकलं तेव्हा हात कापत होते. परत घेणार नाही.

जुनी_सिस्टर, तुमच्या ओळखीत पुण्याबाहेरच्या बाई डॉक्टर असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. आज नाईट आहे. उद्या घरी आले की सासूबाई देवळात गेल्यावर १४४१६ लावते.