मदत हवी आहे: बाबांची आठवण निघाली की भावाची दारू पुन्हा सुरू होते

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३७ वर्षांचा आहे. महिनोन्महिने थेंबाला शिवत नाही आणि मग घसरतो. आत्तापर्यंत तीनदा झालं: गेल्या वर्षी पितृपक्षात, वाटणीपत्रावर सह्या झाल्या त्या दिवशी, आणि परवा बाबांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या रात्री.

बाबांशी त्याचं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं, शेतीवरून. ते मिटायच्या आत बाबा गेले. तेव्हा तो रडला नाही. तेराव्याची यादी, पाहुणे, बँक, सगळं त्यानेच पाहिलं. "आता घरचा कर्ता तू," असं जो तो सांगून गेला. मीही सांगितलं, ते आज फार खुपतं. आधी लग्नकार्यात घ्यायचा, तेव्हापासून रोज घेऊ लागला.

उपचारासाठी त्याला दाखल केलं होतं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून घरी सोडवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हातांची थरथर गेली, झोप लागायला लागली. पण समुपदेशन दोनदाच झालं. बाबांचा विषय काढला की "सोड ना ताई" म्हणून उठून जातो. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला मात्र जातो. तिथल्या एका जुन्या सदस्यांनी मला सांगितलं की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, यातलं काहीही अंगावर आलं की ओढ वाढते. श्राद्धाच्या दिवशी तर चारही होतं.

चहातून गुपचूप पावडर द्या, असा सल्ला कृपया नको. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि तो वर प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोलले, मला धीर आला. तो मात्र फोन करत नाही. आई त्याची उधारी लपूनछपून भागवते, भावजय अबोला धरते. दोघींनाही दोष कसा देऊ?

ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांना विचारते: आतलं दुःख बोलतं कसं केलंत? त्याला वाट द्यायची, पण पिण्याला निमित्त द्यायचं नाही, हे कसं जमवलंत? आईला उधारी भागवण्यापासून कोणत्या शब्दांत थांबवू? महिन्याभरात पितृपक्ष आहे. त्या दिवशी पान वाढायला त्यालाच बसवावं की मी त्याला माझ्याकडे घेऊन यावं?