खेडेगावात पाहुणे म्हणून गेलात तेव्हा काय चुकलं? (अनुभव धागा)

ओटीवरची
काल पुण्याहून भाच्याचा फोन. मेअखेर मित्रांबरोबर अकोले तालुक्यात काजवे बघायला चाललाय, एका मित्राच्या मामांकडे मुक्काम. "मावशी, काय काय नेऊ?" मी टॉर्च, डासांचं मलम वगैरे सांगत होते आणि एकदम तो हंडा आठवला.

१९९८ चा मे. कॉलेजातल्या मैत्रिणीचं गाव शहापूर तालुक्यात. आम्ही चौघी दादरहून कसारा लोकलने आसनगाव, पुढे जीप. घामाघूम पोचलो तर मोरीत दोन पिंपं काठोकाठ भरलेली. चौघींनी मनसोक्त आंघोळ्या केल्या, केससुद्धा धुतले. वर "काय गार पाणी आहे हो काकू!" काकू काही बोलल्या नाहीत.

पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. साडेतीन वाजले असतील. काकू आणि वहिनी डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तिसऱ्या खेपेला निघाल्या होत्या. मे महिन्यात विहिरीत पाणी वाटीवाटीने झरतं, म्हणून रात्रीच नंबर लावायचा. आणि हाच तो तालुका, जिथल्या भातसा-तानसाचं पाणी आमच्या मुंबईच्या नळाला येतं! लाजेने मीही एक हंडा उचलला आणि अर्ध्या वाटेत सांडला. म्हणजे तीही खेप वाया.

तुमचे अनुभव लिहा. फजितीचे चालतील. गावाकडचे असाल तर पाहुण्यांचे किस्से पण टाका, आम्ही ऐकून घेऊ.

चिंचगूळ
हंडा सांडला 🙈 हसू की रडू कळेना.
भाच्याला म्हणावं गाडीत २० लिटरचा जार टाक, पण पोचल्या पोचल्या त्यांच्यासमोर तो उघडून पिऊ नकोस. आधी गूळ-पाणी येईल ते घ्यायचं, घोटभर का होईना. आमच्या एका सहकाऱ्याने तांब्या हातात घेऊन वास घेतला होता. आजीने बघितलं. पुढचे दोन दिवस त्याला कुणी चहा विचारला नाही.

डांगाणी
मी अकोल्याचाच. विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले, आता अहिल्यानगर म्हणायचं. दरवर्षी कुणीतरी चुकीच्या गाडीत बसतंच.

काजव्यांचं ऐका. पहिला पाऊस पडायच्या आधीचे दोन-तीन आठवडे, हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं नुसती पेटलेली असतात. ते लुकलुकणं जोडीदाराला हाक असते. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश पडला की झाड गप्प. टॉर्च न्या, पण लाल कागद लावून आणि पायापुरता. झाडाखालचं गवत तुडवू नका. बरणीत भरून नेणारे पण बघितलेत, सकाळी मेलेले असतात. शनिवारी रात्री घाटात गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. जमलं तर मधल्या वारी या.

आणि फोटो. माझ्या आईचा चुलीपुढचा फोटो कुणाच्या तरी इन्स्टावर "साधं सुखी जीवन" म्हणून फिरतोय. त्या दिवशी आमचा गॅस संपला होता.

चिंचगूळ
@डांगाणी शेवटची ओळ 😂😂

लालडबा
मुक्कामी एसटी कुणी केलीय का? संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे तीच परत. आम्हाला सहाची सांगितली होती. पावणेसहाला गेली, कारण रोजचे सगळे बसले होते. आम्ही रोजच्यातले नव्हतो ना! मग दुधाच्या टेम्पोत, कॅनमध्ये मांडी घालून तालुक्यापर्यंत. कंडक्टरला आदल्या रात्रीच "आम्ही पण आहोत" सांगून ठेवायचं.

सुपलीतली
@लालडबा कुठला डेपो? आमच्या राजापूरच्या गाडीचा कंडक्टर तर चढणाऱ्यांना नावाने हाक मारायचा.

लालडबा
ताई, डेपो सांगितला तर ओळखतील मला 😄

वाकळ
एनएसएसचं शिबीर, मराठवाडा, सात दिवस. जेवणं सरपंचांच्या वाड्यावर. शेवटच्या दिवशी, आमच्याबरोबर रोज रस्त्याच्या कामाला येणारे एक बाबा म्हणाले, "आमच्या वस्तीत काय चहाला आला न्हाईत पोरांनो." खरंच गेलो नव्हतो. कुणी नेलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सात दिवसांत "आडनाव काय" हा प्रश्न आम्हाला दहा जणांनी विचारला होता, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मग गेलो. गुळाचा कोरा चहा, बशीत. बस चुकली.

ओटीवरची
@वाकळ बरं झालं चुकली.

सुपलीतली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. बायकांसाठी: संडास कुठे आहे, रात्री बाहेर जावं लागेल का, हे पोचल्यावर घरातल्या बाईला सरळ विचारा, लाजू नका. पॅड वापरलेलं पिशवीत घालून परत आणायचं, तिथे घंटागाडी येत नाही. आणि घरातला पुरुष "बसा बसा" म्हणतो, पण दहा भाकऱ्या जास्तीच्या बाईलाच थापायच्या असतात. जेवायला किती जण ते आधीच कळवा.

मालवणी_तडका
न कळवता जाण्यावरून. आमचा एक मित्र आचऱ्याला असाच सरप्राइज द्यायला गेला. नेमकी गावपळण! दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. रिक्षावाल्याने त्याला वेशीवरच उतरवलं. शोधत शोधत राहुटीत आत्ये सापडली. ती म्हणे, "इलंस तर बस, कांदे काप."

दूरदेशी
न्यू जर्सीहून. मुलांना घेऊन सासरच्या गावी गेले तेव्हा चॉकलेटची पिशवी अंगणातच उघडली. पाच मिनिटांत चाळीस पोरं, ढकलाढकली, एक छोटी पडली. पुढच्या वेळी पिशवी अंगणवाडीच्या ताईंकडे दिली, त्यांनी जेवणानंतर वाटली.

चिंचगूळ
पैशांचं कसं करता? मामींना पाकीट दिलं की त्या रागावतात.

डांगाणी
रागावणारच. चहापत्ती-साखर-तेल घेऊन या, आणि निघताना पोराच्या हातात "खाऊला" म्हणून ठेवा. होमस्टे असेल तर मात्र ठरलेले पैसे मुकाट्याने द्यायचे. "गावात एवढे?" म्हणणारे हॉटेलात घासाघीस करत नाहीत.

सुपलीतली
अवांतर: नाचणीच्या भाकरीला उकड काढावी लागते का? माझी फाटते.

मालवणी_तडका
ताई, पाणी कडकडीत घ्या.

ओटीवरची
भाच्याला सगळा धागा पाठवला. त्याचं उत्तर: "ओके मावशी. तिथे नेटवर्क आहे का?" 🤦‍♀️

डांगाणी
देवळामागच्या टेकाडावर. एक कांडी येते. बकऱ्या वळणारा पोरगा दाखवेल जागा.