हार्वर्डमधील वारसा-प्रवेश

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देते; यालाच वारसा-प्रवेश म्हणतात. ही मुले मुळातच हुशार असल्यामुळे त्यांना तिथे जास्त प्रवेश मिळतात, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीनुसार अशा अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, तर इतरांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. आणि अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, नामांकित विद्यापीठांत परीक्षेतील गुण सारखे असले तरी हा फायदा उरतोच, तोही अतिश्रीमंत घरांना अधिक. अर्जात आईवडिलांच्या महाविद्यालयाचा रकाना असतो; तिथे पुणे विद्यापीठ लिहिणाऱ्या मराठी मुलीने काय करावे? जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाने वारसांना मिळणारी ही सवलत बंद केली, तेव्हा वारसा-विद्यार्थ्यांचे प्रमाण १२.५ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आले.