‘कवाइद’ म्हणजे ‘कायदे’ का?

प्रश्न : उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेवरील मजकुरात ‘कवाइद’ हा शब्द येतो. मराठीत त्यासाठी ‘कायदे’ लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद : ‘कवाइद’ हे ‘काइदा’ या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. आपला ‘कायदा’ फारसीमार्गे त्यातूनच आला आणि सैनिकांची ‘कवायत’ही त्याच घरची. तरीही इथे ‘कायदे’ लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ पाया असा असून त्यावरून तो सर्वसाधारण नियमासाठी वापरला जाऊ लागला.

अहमद जेवदेत पाशा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८६९ ते १८७६ या काळात, हनफी या सुन्नी न्यायपरंपरेच्या आधारे, १८५१ कलमांची ही संहिता सिद्ध केली. तिच्या दुसऱ्यापासून शंभराव्या कलमापर्यंत ‘निश्चित गोष्ट संशयाने ढळत नाही’, ‘करारात शब्दांपेक्षा हेतू पाहावा’ अशी ९९ वचने आहेत. ती आधी अभ्यासल्याने पुढील प्रश्न समजणे सोपे जाते, असे पहिले कलम सांगते. आणि अधिक स्पष्ट आधार नसताना केवळ या वचनांवरून न्यायाधीशाला निवाडा देता येत नाही, हे समितीने आपल्या निवेदनातच नोंदवले आहे. ज्याच्या एकट्याच्या बळावर निकाल देता येत नाही, त्याला मराठी वाचक कायदा म्हणणार नाही. म्हणून मी ‘न्यायसूत्रे’ हा शब्द सुचवतो.

‘कायदेकानून’ हा जोडशब्दही इथे टाळावा, कारण उस्मानी व्यवहारात ‘कानून’ म्हणजे सुलतानाने घालून दिलेला नियम, आणि शरियतपासून तो वेगळा ओळखला जाई. मजल्लेचे वैशिष्ट्य असे की तिचा आशय फिक्हचा, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्राचा, पण अंमल राजाज्ञेचा. तिच्या प्रकरणांतील इजारा, हवाला, अमानत, दावा हे शब्द आपल्या ओळखीचे वाटतात, मात्र तिथे ‘हवाला’ म्हणजे ऋणाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवणे. विवाह आणि वारसा तिच्यात नाहीतच, त्यामुळे ‘मुस्लिम कायद्याची संहिता’ असे तिचे वर्णन केल्यास आपल्याकडील वाचकाचा हमखास गैरसमज होईल.

आणखी एक प्रतिसाद : कायदेपंडित अब्द अल-रझ्झाक अल-सनहुरी यांनी घडवलेल्या इजिप्तच्या १९४८ च्या दिवाणी संहितेबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. तिच्या पहिल्या कलमानुसार लिखित तरतूद नसल्यास न्यायाधीशाने रूढी पाहावी, तीही नसल्यास इस्लामी शरियतची ‘मबादी’, आणि शेवटी नैसर्गिक कायदा व समन्याय (इक्विटी). ‘मबादी’ म्हणजे तत्त्वे. तिथे ‘शरियतचे कायदे’ असे लिहिले, तर न्यायाधीशाने एखाद्या फिक्हग्रंथातील नियम जसाच्या तसा लागू करावा, असा कलमात नसलेला आदेश वाचकाच्या पदरात पडतो.