अनुभव धागा : देवाने माझ्या स्वभावाला हात घातला तेव्हा

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधल्या काळात ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळं पाळत राहिल्या. टिळकांनी बळजबरी केली नाही. जातपात देवाने केलेली नाही, हे त्यांचं त्यांना पटलं, आणि मग त्या स्वतःहून ख्रिस्ती धर्मात आल्या. मला ही पाच वर्षं टिळकांच्या कीर्तनांइतकीच मोलाची वाटतात.

आजार बरे झाल्याच्या साक्षी आपण नेहमी ऐकतो. इथे स्वभावाबद्दल लिहूया. श्रद्धेने तुमच्यात किंवा घरातल्या कुणात काय बदललं, आणि ते पाहून दुसरं कोण हललं?

श्रीरामपूरकडची सून
सासरे आणि त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे चुलते, यांच्यात बांधावरून वाद. बोलणं बंद, पाटपाण्याच्या पाळीवरून रोज कुरबूर. एका रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) पाळकांनी बायबलमधला मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला : वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. सासरे भाकर न घेताच उठले. मला वाटलं, चक्कर आली. ते थेट चुलत्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथे काय बोलणं झालं, आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात चुलत्यांचा पाय मुरगळला, तर रात्री त्यांच्या उसाला दारं धरायला सासरेच गेले, बॅटरी आणि फावडं घेऊन. घरात मी आणि जाऊबाई चिडलो होतो, खरं सांगते. पुढच्या हंगामात चुलत्यांनी स्वतः मोजणी मागवली आणि आमच्याकडे आलेली दोन हात जमीन आम्हालाच राहू दिली. माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या भावाचं पटत नव्हतं, ते त्यानंतर एका ताटात जेवू लागले. बाप उठून गेलेला त्यांनी पाहिला होता.

वसईकर
आमच्याकडे प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, दारू सोडणारे पुष्कळ. ईस्टरला पुन्हा सुरू. बाबांनी ईस्टरनंतरही घेतली नाही. धाकट्या काकांनी वर्षभर टिंगल केली, मग तेही थांबले. बाबांनी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं.

केडगावजवळची
दुष्काळात अनाथ झालेली माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883चा, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला, असं त्यांनीच पुढे लिहिलं. आमच्या घरी हे सगळ्या पोरांना सांगतात. पणजी दळायला बसण्याआधी मूठभर धान्य दारी येणाऱ्यासाठी बाजूला काढायची. आजीने तेच केलं. आता आई पिठाच्या डब्याशेजारी वेगळा डबा ठेवते. शेजारच्या दोन घरांत, ख्रिस्ती नसलेल्या, तसाच डबा आहे.

पुण्यातला मुलगा
मी विश्वासात नाही. कॉलेजात असताना चर्चची मंडळी सोडली. आई प्रत्येक फोनवर "उपासनेला गेलास का?" विचारायची आणि मी फोन टाळायचो. मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. धाकटी बहीण म्हणाली, आईने प्रार्थनेत स्वतःसाठीच धीर मागितलाय. आता ती माझ्या कामाबद्दल विचारते, नीट ऐकून घेते. मी अजूनही चर्चला जात नाही. पण नोकरी गेली तेव्हा पहिला फोन तिलाच केला, आणि माझ्यासाठी प्रार्थना कर, असं मीच म्हणालो.