ग्रुप वाढत नाही याला जुन्यांची घट्ट मैत्री कारण आहे का?

धरमपेठकर
नागपूरच्या आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चारशेच्या वर लोक आहेत, बोलणारे तेच नऊ-दहा. दर रविवारी पहाटे गोरेवाड्याला जातात, येताना तर्री पोहे खातात, मग दिवसभर तेवढंच चालतं. मागच्या आठवड्यात हिंगण्याच्या एका मुलीनं अंबाझरीवरच्या बदकाचा फोटो टाकला. काळी चोच, टोक पिवळंधमक, मुळाशी लाल ठिपके. "हे कोणतं?" हळदीकुंकू बदक! आपल्यातला कोणीही झोपेत सांगेल. पण खाली पोह्यांचे फोटो येत गेले आणि तिचा प्रश्न वर सरकला. संध्याकाळी ती ग्रुप सोडून गेली. मीही तो फोटो पाहिला होता, याचं फार वाईट वाटतं. टोळकं जमलं की वाढ खुंटते, असं माझं स्पष्ट मत आहे.

महालकर
नाही पटलं, भाऊ. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ग्रुप कोणी जागता ठेवला? याच लोकांनी, गच्चीवरून दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या रोज टाकून. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना एकेकट्याला समजावलं तेही यांनीच. व्हॉट्सअ‍ॅपनं २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ वर नेली, म्हणून काय हजार अनोळखी भरायचे? सुप्रभातच्या फुलांखाली पक्षी दिसणार नाही, राजेहो.

नंदनवनची
महालकर दादा, त्यांची मेहनत मान्य. पण मी तीन वर्षं इथे गप्प आहे. काहून? त्यांची टोपणनावं, जुने किस्से कळत नाहीत, मधेच विचारायला संकोच वाटतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात दाखवलं होतं की नोकरीची खबर बहुतेकदा जुजबी ओळखीच्या माणसाकडून मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. पक्ष्यांचंही तसंच. गोरेवाडा या दहा जणांना पाठ आहे. हिंगण्याकडच्या तळ्यावर काय उतरलं, ते तिथलं माणूसच सांगेल, आणि तेच आपण घालवलं.

महालकर
हे मात्र खरं, ताई. मग पोह्यांचा ग्रुप वेगळा काढू?

धरमपेठकर
तो काढला तर हे दहाही तिकडेच बोलतील, इथे सामसूम. त्यापेक्षा रविवारी गाडीत एक जागा नव्या माणसाला ठेवू. नंदनवनच्या ताई, या रविवारी तुम्ही याल? त्या मुलीला मी बदकाचं नाव कळवलंय, माफीही मागितली. अजून उत्तर नाही.