जुना हार्वेस्टर घेऊ का? माणसं दोनच, कामं छोटी

ओंडकेवाला:
नमस्कार मंडळी. मी आणि धाकटा भाऊ मिळून खासगी लागवडींतली विरळणीची (दाटीतली काही झाडं काढून बाकीची वाढू द्यायची) कामं घेतो. आजवर सगळं चेनसॉ आणि ट्रॅक्टरच्या विंचवर ओढलंय, पण आता माझ्या पाठीची पार वाट लागलीये आणि भावाचं मनगट रात्री झिणझिणतं. एक जुना सहाचाकी हार्वेस्टर (झाड पकडून, कापून त्याचे ओंडके करणारं जंगलातलं मशीन) बघून ठेवलाय, मीटरवर १४,००० तास, रंग नवाकोरा, विकणारा म्हणतो इंजिन एकदम टकाटक. आमचे प्लॉट दोन ते पाच हेक्टरचे, एकमेकांपासून लांब. झाडं बारीक, छातीच्या उंचीला १२ ते २० सेंमी. बघायला जाताना नेमकं काय तपासू, आणि मुळात आमच्यासारख्यांनी हे घ्यावं का? "घेऊ नका" म्हणणार असाल तर कारणासकट म्हणा, घरचे नुसतं नको म्हणतातच आहेत.

जुनं_लोखंड:
"रंग नवाकोरा" वाचूनच पोटात गोळा आला. जंगलात राबलेल्या मशीनला कुणी हौसेने रंग देत नाही, त्याखाली काहीतरी झाकलेलं असतं. बूमच्या (मशीनच्या लांब हाताच्या) बुडाशी, वेल्डिंगच्या कडेने आणि मशीन जिथे मधोमध वळतं त्या जॉइंटच्या आसपास टॉर्च मारून बघा. केसासारखी रेघ दिसली किंवा वेल्डवर वेल्ड दिसला तर विचारा हे कधी आणि का.

इंजिन टकाटक असेलही. पण हार्वेस्टर इंजिनामुळे क्वचितच मरतो, मरतो तो हायड्रॉलिक आणि वायरिंगने. विकणाऱ्याला आधीच सांगा की मशीन चालू करून ठेवू नको, आणि गेल्या गेल्या इंजिनवर हात ठेवून गार आहे का बघा. गार इंजिन कसं सुरू होतं, धूर कसला येतो, यावरून इंजिन कळतं. पंप मात्र तेव्हा कळत नाही, कारण गार तेल दाट असतं आणि झिजलेला पंपसुद्धा दाट तेलावर प्रेशर धरून दाखवतो. दीडदोन तास खरी झाडं कापा, तेल तापून पातळ होऊ द्या, मग बूम उचलताना रेंगाळते का, बूम वळवणं आणि हेडचे (बूमच्या टोकाला झाड पकडून कापणारा भाग) ओंडका सरकवणारे रोलर फिरवणं दोन्ही एकदम जमतं का ते बघा. पार्किंगमधे पाच मिनिटं बूम हलवून दाखवतात त्याला काही अर्थ नाही.

पिना-बुश (सांध्यातल्या पिना आणि त्या ज्यात फिरतात ती अस्तरं) बघायची सोपी रीत: भावाला केबिनमधे बसवा, बूम लांब करून हेड जमिनीला टेकवायला लावा आणि हळूच दाबून सोडायला सांगा. तुम्ही लांब उभं राहून एकेका सांध्यावर नजर ठेवा. बूम हलायच्या आधी पिन हलली तर बुश गेलं. बुश बदलणं चालतं, पण बुशचं घर अंडाकृती झालं असेल तर भरून परत बोअर करावं लागतं, ते मोठं काम. बूमच्या बुडाची गोल बेअरिंग याच दाबण्या-सोडण्यात उचलली जाताना दिसली तर तिथूनच नमस्कार करून निघा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, बोर्ड बदलला की आकडा बदलतो. पेडलचं रबर, जॉयस्टिकची बटणं, सीटचा डावा कोपरा (उतरताना तिथे घासतं) हे खोटं बोलत नाहीत. शक्य असेल तर रिटर्न फिल्टर बाहेर काढून कापायला लावा. पितळेसारखे चमचमणारे कण दिसले तर ते बहुतेक पंपाच्या किंवा मोटरच्या पोटातले आहेत.

मेक लिहिला नाहीत. टिंबरजॅक २००० साली जॉन डिअरकडे गेली, वाल्मेटची जंगलातली मशीनं २००४ मधे कोमात्सुकडे. त्यामुळे जुनं नाव दिसलं म्हणून घाबरू नका, सील, होज, बेअरिंग मिळून जातात, बेअरिंगवर तर नंबरच कोरलेला असतो. अडतं ते हेडच्या कॉम्प्युटरपाशी. जुनं मॉड्यूल गेलं की मशीन उभं, आणि दुसरं सापडेपर्यंत तुम्ही त्याच्याकडे बघत बसायचं.

ग्रीसगन:
तपासायचं वरती आलंच, मी हिशोबाचं बोलते. आठ वर्षं फॉरवर्डर (कापलेले ओंडके उचलून रस्त्यापर्यंत नेणारं मशीन) चालवते, त्याआधी चार वर्षं हार्वेस्टर, तोही जुनाच.

हार्वेस्टरला झाड बारीक आहे की जाड याने वेळेत फारसा फरक पडत नाही, हेड नेऊन पकडायचं, कापायचं, फांद्या काढायच्या, तुकडे करायचे, हे सगळं तेवढंच. धरा एका झाडाला ४० सेकंद, म्हणजे न थांबता तासाला ९० झाडं. झाडात ०.०५ घनमीटर लाकूड असेल तर तासाला साडेचार घनमीटर, ०.२ असेल तर १८. जाड झाडाला थोडा वेळ जास्त लागतो ते सोडा, पण डिझेल, चेन, ऑइल, तुमचा तास, सगळं जवळपास तेवढंच आणि लाकूड चौपट. तुमची १२ ते २० सेंमीची झाडं, त्यातली बारकी तर नक्कीच, पहिल्या बाजूला झुकतात. म्हणजे तुम्ही महागडं मशीन त्याच्या सगळ्यात वाईट कामाला जुंपणार.

दुसरं, प्लॉट लांब लांब. हे धूड १५-२० टनाचं, दर वेळी लो-बेड ट्रेलरवर चढवायचं, उतरवायचं. दोन हेक्टर चार दिवसांत उरकणार आणि पाचव्या दिवशी परत ट्रेलरवाल्याच्या नाकदुऱ्या काढायच्या. ट्रॅक्टर स्वतःच्या पायाने जातो.

तिसरं, जे कुणी धरत नाही ते म्हणजे उभे दिवस. माझ्या जुन्या हार्वेस्टरच्या पहिल्या हंगामात हेडकडे जाणारी एक वायर आतल्या आत तुटली होती, बूम लांब केली की रोलर बंद, जवळ आणली की चालू. बाहेरून सालपट धड. नऊ दिवस गेले शोधण्यात, शेवटी मीटर लावून एकजण वायर वाकवत बसला तेव्हा सापडली. दुरुस्तीचा खर्च जवळपास शून्य, वायर ती केवढीशी. नऊ दिवसांचं काम मात्र दुसरा घेऊन गेला.

माझं मत, आधी ट्रॅक्टरमागे क्रेनचा ट्रेलर घ्या. पाठ मोडते ती झाड पाडताना कमी आणि ओंडके ओढताना, उचलताना जास्त. जुनी क्रेन ही पिना, सील आणि व्हॉल्व्ह, बस. तिला कॉम्प्युटर नाही, रात्री शेडमधे बसून दुरुस्त होते.

ओंडकेवाला:
ताई हिशोब पटला, पण एक सांगतो. मागच्या महिन्यात भावाने पाडलेलं झाड शेजारच्या झाडात अडकलं, खाली उभा राहून तो हलवून बघत होता आणि ते बुंध्याकडून मागे सरकलं. हेल्मेटला ओरखडा आला फक्त. त्या दिवसापासून मला तो केबिनमधे बसलेला हवाय. हिशोबापेक्षा माझं तेच जास्त आहे.

तुटका_दोर:
हे आधी लिहायला हवं होतंत भाऊ. केबिन चेनसॉपेक्षा सुरक्षित आहेच, त्यात वाद नाही. पण जुनी केबिन घेताना दोन गोष्टी बघा ज्या पार्ट-पुर्जेवाले विसरतात.

एक, पुढची काच. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि तिथे ते कशासाठी आहे माहितीये ना? हेडची चेन तुटली की तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) रेषेत. पॉलिकार्बोनेट उन्हाने आणि चुकीच्या क्लीनरने ठिसूळ होतं. पिवळट, धुरकट किंवा बारीक जाळी पडलेलं असेल तर ते आता काम करणार नाही असं धरून चाला आणि बदला. बारची रेषा केबिनकडे किंवा माणसाकडे असताना कट मारायचा नाही, आणि चालू मशीनपासून बाकीच्यांनी किती लांब राहायचं ते मॅन्युअलमधे असतं ते पाळा, चार पावलं मागे सरकून भागत नाही.

दोन, आग. जुन्या मशीनच्या पोटात पालापाचोळा आणि गळलेलं तेल मिळून लगदा होतो, टर्बो तिथेच वर तापलेला. रोज संध्याकाळी प्लेटा उघडून साफ करायचं, मेन स्विच काढायचा आणि लगेच घरी पळायचं नाही, थोडा वेळ थांबायचं. कंटाळवाणं आहे, कळतं.

आणि होज गळतोय का ते हाताने चाचपडून बघू नका, पुठ्ठा धरा. २०० बारच्या वरच्या प्रेशरची तेलाची चूळ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीत घुसते, दिसायला टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि दुखतही नाही फारसं. तसं झालं तर थेट हॉस्पिटल, संध्याकाळची वाट नाही.

राहिलं अडकलेल्या झाडाचं. त्याला हार्वेस्टर लागत नाही, तुमच्याकडे विंच आहे. बुंध्याला दोर बांधायचा आणि लांबून मागे ओढायचं, खाली कुणी नाही. शेजारचं झाड पाडून ते सोडवायचं नाही, अर्धे अपघात तिथेच होतात असं मला वाटतं, मोजलेलं नाही. खाच घातल्यावर बिजागरीचं लाकूड (खाच आणि मागचा काप यांच्यामधे न कापता ठेवलेली पट्टी) झाडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं ठेवा, म्हणजे झाड सांगितलेल्या दिशेला जातं आणि अडकायचंच कमी होतं.

पान्हा_१९:
कुणी एक्स्कॅव्हेटरचं बोललंच नाही? जुना ट्रॅकवाला घ्यायचा, पुढे हेड लावायचं. आमच्या ओळखीत एकाने केलंय आणि चाललंय.

जुनं_लोखंड:
चालतं, सपाटीला आणि मोकळ्यात. विरळणीत मागचं वजन फिरताना उभ्या झाडांची साल काढतं, तीच झाडं ठेवायची असतात. केबिनला जाळी आणि जाड पॉली लावावं लागतं, हेडला लागणारा तेलाचा फ्लो सतत द्यायचा म्हणजे कूलर अपुरा पडतो. ज्याला वेल्डिंग आणि हायड्रॉलिक दोन्ही येतं त्याने करावं.

ओंडकेवाला:
जाऊन आलो. गेलो तेव्हा मशीन आधीच चालू करून ठेवलेलं, "तुमच्यासाठी गरम करून ठेवलं" म्हणे. तरी दीड तास कापलं. सुरुवातीला मस्त. तासाभराने बूम वळवणं आणि फीड (रोलरने ओंडका सरकवणं) दोन्ही एकाच वेळी जमेना, ओंडका अर्ध्यात थांबून राहायचा. लांबीही घसरत होती, स्क्रीनवर ४ मीटर आणि टेपवर ३.९१. विकणारा म्हणाला साल ओली आहे म्हणून मोजचाक चुकतं. असेल, पण मी मग तीच तीच लांबी चार वेळा काढली आणि चारही वेळा वेगळी आली. बुडाची बेअरिंग ठीक होती, खोटं कशाला बोलू.

नाही घेतलं. भाऊ येताना गाडीत एक शब्द बोलला नाही, त्याचा जीव त्या जॉयस्टिकवर जडला होता.

आता क्रेनवाला ट्रेलर बघतोय, ताई. एक मिळतोय, क्रेनची पोच ५.५ मीटर. दुसऱ्याची ६.७ आहे पण सिलिंडर गळतायत. कुठला?

ग्रीसगन:
गळणारा. सील किट एका दिवसात बसतात, फक्त सिलिंडरच्या दांड्यावर नख फिरवून बघा, नखाला ओरखडा लागला तर दांडा पण गेला समजा आणि मग तो सोडा. पोच मात्र नंतर वाढवता येत नाही, आणि पोच जास्त असली की ट्रॅक्टर फिरायच्या वाटा एकमेकींपासून जेवढ्या लांब ठेवता येतील तेवढी माती कमी दबते. त्या वाटांवर फांद्या अंथरून मगच चाक घाला, माती बहुतेक पहिल्या काही फेऱ्यांतच दबून जाते, नंतर अंथरून उपयोग नाही.

आणि क्रेनवर भावाला बसवा. तिलाही जॉयस्टिक लावता येते.